सज्ञानतेचे वय आणि श्रमिकांची मुले

(तुर्भे येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या कायद्याच्या मराठीत अठरा वर्षे पूर्ण न झालेल्या व्यक्तीस 'अज्ञान' म्हणतात आणि पूर्ण झालेल्या व्यक्तीस 'सज्ञान'. शब्द मोठे अर्थपूर्ण आहेत. परंतु हे ज्ञान कशाचे, असा प्रश्न केला तर त्याचे उत्तर शाळेत सापडत नाही, तलाठ्याच्या दप्तरात सापडते. कोणत्याही गावचा जुना सातबारा उतारा काढून पाहावा. बाप वारला आणि वारस लहान असला, तर त्या मुलाच्या नावाशी 'अ. पा. क.' अशी तीन अक्षरे आणि आईचे किंवा चुलत्याचे नाव आढळते. 'अज्ञान पालनकर्ता' असा त्या अक्षरांचा अर्थ. जमीन मुलाची, पण अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत व्यवहार दुसऱ्याने पाहावयाचा. आणि त्या दुसऱ्यालाही ती मनास येईल तशी विकता येत नाही. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याने अज्ञान मुलाची स्थावर मिळकत न्यायालयाच्या परवानगीवाचून विकण्यास नैसर्गिक पालकालाही मनाई केली आहे. म्हणजे येथे जे 'ज्ञान' अभिप्रेत आहे ते मालमत्तेच्या व्यवहाराचे ज्ञान होय.

तुर्भे हे गाव या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. येथील आगरी-कोळी कुटुंबांच्या जमिनी आधी औद्योगिक वसाहतीसाठी आणि १९७० नंतर सिडकोच्या नव्या शहरासाठी गेल्या. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात पाच जणांनी प्राण दिले, तेव्हा कुठे साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व सरकारला मान्य करावे लागले. अशा भूखंडाच्या वारसांत एखादे अज्ञान मूल असेल तर कायदा त्याच्या वाट्यावर पहारा ठेवतो. हा पहारा योग्यच आहे. तो नसता तर दलालांनी काय केले असते हे येथे कोणास सांगावयास नको.

आता ठाणे-बेलापूर रस्ता ओलांडून पलीकडे जावे. तुर्भे स्टोअर, इंदिरानगर, डोंगराच्या अंगाला वर्षानुवर्षे चाललेल्या दगडखाणींच्या आधाराने उभ्या राहिलेल्या वस्त्या. मराठवाड्यातून, कर्नाटकातून, उत्तरेतून दुष्काळाने हाकललेली माणसे येथे स्थिरावली. या वस्तीतल्या पंधरा वर्षांच्या मुलाच्या नावावर सातबारा नाही, भूखंड नाही. त्याच्याजवळ आहेत ते दोन हात. हा मुलगा टेम्पोवर 'किन्नर' म्हणून चढतो, चहाच्या टपरीवर उभा राहतो, बाजार समितीच्या आवारात पडलेला माल वेचतो, एखाद्या लहान कारखान्यात 'हेल्पर' म्हणून लागतो. त्याच्या हातांचा अज्ञान पालनकर्ता कोण? कायद्याच्या पुस्तकात या प्रश्नाचे उत्तर शोधू लागले म्हणजे दीडशे वर्षांचा एक विलक्षण इतिहास समोर येतो.

भारतीय सज्ञानता कायदा १८७५ सालचा. त्याने अठरा वर्षे ही मर्यादा घालून दिली. ज्याच्या मालमत्तेवर न्यायालयाने पालक नेमला असेल किंवा जी मालमत्ता कोर्ट ऑफ वॉर्ड्सच्या ताब्यात असेल, त्याचे अज्ञानत्व मात्र एकवीस वर्षांपर्यंत लांबविले. हा एकवीसचा अपवाद थेट १९९९ च्या दुरुस्तीपर्यंत टिकून होता. जितकी मालमत्ता मोठी, तितके बालपण लांब! लग्न, घटस्फोट, दत्तक या बाबी या कायद्याने आपल्या कक्षेबाहेरच ठेवल्या. त्यामुळे आठ-दहा वर्षांच्या मुलीला बोहल्यावर उभे करण्यास त्याची काही हरकत नव्हती.

ज्या साली हा कायदा झाला त्याच साली मुंबईच्या गिरण्यांची पाहणी करण्यासाठी सरकारने आयोग नेमला. त्यानंतर सहा वर्षांनी, १८८१ मध्ये, पहिला कारखाना कायदा आला. त्यात ठरले काय? सात वर्षांखालील मुलास कामावर घेऊ नये आणि सात ते बारा वयाच्या मुलाकडून दिवसाला नऊ तासांपेक्षा अधिक काम घेऊ नये. बारा वर्षे पूर्ण झाली की मूल संपले. पुढे तो गिरणीच्या दृष्टीने पुरता पुरुष. एकाच सरकारने, सहा वर्षांच्या अंतराने केलेले हे दोन कायदे शेजारी शेजारी ठेवून वाचावेत. जमीनदाराचा मुलगा एकविसाव्या वर्षापर्यंत खतावर सही करण्यास अजाण. गिरणीतला मुलगा सातव्या वर्षी यंत्रापुढे नऊ तास उभे राहण्यास सुजाण. १८९१ मध्ये ही मर्यादा नऊ वर्षांवर गेली, १९२२ मध्ये बारावर, १९४८ मध्ये चौदावर. प्रत्येक वेळी मालकांची तक्रार एकच होती की उद्योग बुडेल. उद्योग बुडाला नाही.

महात्मा फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन ठेवले. बहुजनांचे प्राथमिक शिक्षण एका ठरावीक वयापर्यंत, निदान बाराव्या वर्षापर्यंत, सक्तीचे करावे अशी त्यात मागणी होती. आदल्याच वर्षीच्या कारखाना कायद्याने ज्या बाराव्या वर्षी मुलाला पूर्ण कामगार ठरविले होते, तेच बारावे वर्ष फुल्यांनी शाळेसाठी मागितले. कामाचे वय आणि शिक्षणाचे वय यांचा सांधा जुळला पाहिजे, मूल शाळेतून सुटेपर्यंत गिरणीच्या दाराशी पोचता कामा नये, हा विचार आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९७३ च्या करारात तत्त्व म्हणून नोंदला गेला. तो करार भारताने मान्य केला २०१७ मध्ये. फुल्यांनंतर गोखल्यांनी केवळ सहा ते दहा वयाच्या मुलांसाठी सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक आणले. ते १९१२ मध्ये फेटाळले गेले. शाहू महाराजांनी मात्र १९१७ मध्ये करवीर संस्थानात सक्तीचा कायदा केला. राज्यघटनेने चौदा वर्षांपर्यंतचे शिक्षण दहा वर्षांत द्यावे असे म्हटले. ते हक्क म्हणून लिहिले गेले २००२ मध्ये आणि कायदा अमलात आला १ एप्रिल २०१० रोजी. दहा वर्षांची साठ वर्षे झाली!

आता मुख्य मुद्दा. शिक्षणाचा हक्क चौदाव्या वर्षी संपतो. सज्ञानता अठराव्या वर्षी येते. मधली चार वर्षे कोणाची?

ही चार वर्षे खरोखर बेवारस आहेत. त्या वयाच्या मुलाला शाळेत ठेवण्याचे कायदेशीर उत्तरदायित्व शासनावर नाही. २०२० च्या शैक्षणिक धोरणात अठरा वर्षांपर्यंतच्या शिक्षणाची भाषा आहे, पण धोरण म्हणजे कायदा नव्हे. धोरणावर बोट ठेवून न्यायालयात जाता येत नाही. महाराष्ट्रात मुलींना बारावीपर्यंत शुल्कमाफी आहे, हे खरे. परंतु ज्या घरातून मुलगी धाकट्या भावंडांना सांभाळण्यासाठी उठविली जाते त्या घरापुढचा प्रश्न शुल्काचा नसतो, तिच्या श्रमाचा असतो. इकडे १९८६ च्या बालकामगार कायद्यात २०१६ मध्ये दुरुस्ती होऊन चौदाखालील मुलांच्या कामावर बंदी आली, आणि चौदा ते अठरा वयाच्या किशोरांना खाणी, ज्वालाग्राही व स्फोटक पदार्थ आणि धोकादायक प्रक्रिया एवढ्यांतून वगळण्यात आले. उरलेली सर्व कामे त्यांना मोकळी. शिवाय चौदाखालील मुलांनाही शाळा सुटल्यावर घरच्या उद्योगात 'मदत' करण्याची मुभा ठेवली. या मुभेचा अर्थ आपल्या समाजात काय होतो ते सांगितले पाहिजे: कचरा वेचणाऱ्याच्या मुलाने कचरा वेचावा, दगड फोडणाऱ्याच्या मुलाने दगड फोडावा. जातीने जे नेमून दिले ते कायद्याने कुटुंबाच्या नावाखाली चालू ठेवले.

बरे, या चार वर्षांत काम करणाऱ्या मुलाला निदान कामगाराचे तरी पुरते हक्क मिळावेत! तेही नाही. १९४८ च्या किमान वेतन कायद्यात प्रौढ, किशोर, बालक व उमेदवार यांच्यासाठी निरनिराळे दर ठरविण्याची मोकळीक होती. त्याच सालच्या कारखाना कायद्यात पंधरा ते अठरा वयाच्या मुलास सरकारमान्य डॉक्टरने योग्य ठरविले, तर कामाच्या तासांच्या बाबतीत तो प्रौढ समजला जाई. तास प्रौढाचे आणि दर किशोराचा, असा हा मेळ होता. हे दोन्ही कायदे आता नव्या श्रमसंहितांत सामावले गेले आहेत. ज्या कारखान्यांत निरीक्षक फिरकत नाही तेथे जुन्या कायद्याचे जे झाले तेच नव्याचे होण्याचा संभव अधिक.

करारांची कथा याहून बोलकी आहे. अज्ञान व्यक्तीने केलेला करार मुळातच रद्दबातल, असा निर्णय प्रिव्ही कौन्सिलने १९०३ मध्ये मोहोरी बीबी विरुद्ध धर्मोदास घोष या खटल्यात दिला. कलकत्त्याच्या एका अज्ञान तरुणाने सावकाराकडे मिळकत गहाण टाकली होती. न्यायालयाने त्याला गहाणातून सोडविले. उत्तम झाले. परंतु याच तत्त्वाचा मुंबईतला दुसरा निवाडा पाहावा. राज राणी या अज्ञान मुलीच्या वतीने तिच्या वडिलांनी चित्रपटांत काम करण्याचा करार प्रेम अदीब या निर्मात्याशी केला. पुढे तिला काम दिले गेले नाही, ठरलेली रक्कमही मिळाली नाही. १९४९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निवाड्यात मुंबई उच्च न्यायालयाने म्हटले की, अज्ञान मुलीचे वचनच कायद्याच्या दृष्टीने पोकळ असल्याने त्यावर उभा असलेला करारही पोकळ. तिला दावा लावता येणार नाही. ज्या ढालीने मिळकतदाराच्या मुलाला सावकारापासून वाचविले, तीच ढाल श्रम विकणाऱ्या मुलीच्या आड आली. मालमत्ता राखण्यासाठी घडविलेले शस्त्र श्रमाच्या कामी येत नाही, हे अर्थशास्त्राच्या जाड ग्रंथांपेक्षा या एका निवाड्यावरून अधिक लवकर समजते.

मूल वाढविण्याचा खर्च कोणी सोसावयाचा, हा सज्ञानतेच्या वयामागचा खरा आर्थिक प्रश्न आहे. मुलाला अठरा वर्षांपर्यंत बिनकमाईचे पोसणे हा खर्च आहे, आणि त्याचे फळ उद्याच्या शिकलेल्या, धडधाकट कामगाराच्या रूपाने सगळ्या समाजाला, विशेषतः मालकवर्गाला, मिळते. खर्च मात्र एकट्या कुटुंबावर. बापाची मजुरी दोन मोठ्यांना जेमतेम पुरत असेल तर मुलाचे बालपण हे पहिले विकले जाते. मुले बाजारात आली की मजुरीचा दर आणखी उतरतो, दर उतरला की आणखी मुले बाजारात येतात. हे दुष्टचक्र आई-बापांना उपदेश करून मोडत नाही.

वयाच्या दाखल्यांविषयी थोडे बोलणे अवश्य आहे, कारण कार्यकर्त्यांचा रोजचा संबंध त्यांच्याशी येतो. महाराष्ट्रात १ जून या दिवशी जन्मलेल्यांची संख्या एवढी कशी, याचे कोडे परदेशी माणसाला पडेल. आपल्याला पडत नाही. बाप मुलाचा हात धरून शाळेत येई, गुरुजी अंदाजाने साल ठरवीत आणि शाळा जूनमध्ये उघडते म्हणून १ जून लिहीत. त्या एका लेखणीच्या फटकाऱ्यावर पुढे नोकरी, लग्न, मत आणि तुरुंग अवलंबून राहिले. शाळेत गेलाच नाही त्याला तोही आधार नाही. दाखला नसेल तेथे वय हे बलिष्ठ पक्षाच्या सोयीने ठरते. कामावर घेताना मुकादम म्हणतो, "लिही अठरा", अपघात झाला की तोच म्हणतो, "पोरगा आमच्याकडे नव्हताच." २०२३ च्या दुरुस्तीने १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मणाऱ्यांसाठी जन्मदाखला हाच मुख्य पुरावा ठरला आहे. म्हणून वस्तीतल्या प्रत्येक बाळंतपणाची नोंद झाली की नाही, हे आजपासून पाहिले नाही तर सोळा-सतरा वर्षांनी त्याची किंमत मोजावी लागेल.

अलीकडे या वयाच्या प्रश्नावर दोन निरनिराळ्या दिशांनी ओढाताण चालू आहे. दिल्लीतील २०१२ च्या भीषण घटनेनंतर २०१५ चा बालन्याय कायदा आला आणि घोर अपराधाच्या आरोपात सोळा ते अठरा वयाच्या मुलावर प्रौढाप्रमाणे खटला चालविण्याचा मार्ग खुला झाला. त्या घटनेने सर्वांचीच मने हादरली होती, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु ज्या सोळा वर्षांच्या मुलाला शाळेत ठेवण्याची जबाबदारी शासनाने घेतली नाही, त्याला शिक्षेसाठी मात्र पुरता माणूस ठरविण्यात शासनाने तत्परता दाखविली. दुसरीकडे, मुलींच्या लग्नाचे वय अठरावरून एकवीस करण्याचे विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये लोकसभेत मांडले गेले. लोकसभेची मुदत संपल्यावर ते आपोआप बारगळले.

या विधेयकावर आपल्या गोटातही मतभेद होते. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीचे वय चौदा केले, १९४९ मध्ये ते पंधरा झाले, १९७८ मध्ये अठरा. मग एकवीस का नको, असा युक्तिवाद ऐकू येई. तो सकृद्दर्शनी बिनतोड वाटतो. पण मराठवाड्यातल्या ऊसतोड मजुरांकडे पाहावे. तेथे 'कोयता' म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम उचल देतो ती जोडीला. मुलीचे लग्न झाले की एक नवा कोयता उभा राहतो, आणि आई-बाप सहा महिने फडावर असताना वयात आलेल्या मुलीला गावी कोणाच्या भरवशावर ठेवावे हीही चिंता मिटते. अशा घराला कायद्याने 'एकवीस' सांगून काय साधणार? जेथे आठवीपुढची शाळा, वसतिगृह आणि सुरक्षित एस.टी. आहे तेथे लग्नाचे वय आपोआप वर सरकते. जेथे ती नाहीत तेथे लग्न तर होतेच, फक्त ते कागदावरून नाहीसे होते. शिवाय अठराव्या वर्षी जी स्त्री मत देते, मिळकत विकत घेते, तिला जोडीदार निवडण्यास मात्र तीन वर्षे अजाण ठरविणे हे कोणत्या समतेत बसते? दोघांचेही वय अठरा असावे, ही अधिक सरळ भूमिका होती.

संमतिवयाचा प्रश्नही येथेच येतो. १८९१ मध्ये ते दहाचे बारा झाले, तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ उठला होता! रखमाबाईंचा खटला तेव्हा लोकांच्या स्मरणात ताजा होता. २०१२ च्या कायद्याने ते अठरा झाले. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पंधरा ते अठरा वयाच्या पत्नीलाही हे संरक्षण लागू केले, ते योग्यच झाले. मात्र सतरा वर्षांची मुलगी परजातीतल्या मुलाबरोबर गेली की तिचा बाप हाच कायदा घेऊन पोलीस ठाण्यात जातो, आणि मुलाच्या डोक्यावर दीर्घ तुरुंगवासाची टांगती तलवार येते, हेही वस्तीत काम करणाऱ्यांना ठाऊक आहे. विधी आयोगाने २०२३ च्या अहवालात वय सोळावर आणण्यास नकार दिला, तरी सोळा ते अठरा वयातल्या संमतीच्या प्रकरणांत न्यायाधीशाला तारतम्य वापरू द्यावे असे सुचविले. ही सूचना विचारात घेण्याजोगी आहे.

जगात अन्यत्र हे वय हलले ते ओझे आणि हक्क यांचा हिशेब मागितला गेला तेव्हा. अमेरिकेत अठराव्या वर्षी व्हिएतनामला पाठविलेल्या तरुणांना मत मात्र एकविसाव्या वर्षी होते. त्या विसंगतीवर आंदोलन होऊन १९७१ मध्ये घटनादुरुस्ती झाली. ब्रिटनने सज्ञानतेचे वय १९७० मध्ये एकवीसवरून अठरावर आणले, जपानने २०२२ मध्ये वीसवरून अठरावर. आपल्याकडे एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने मार्च १९८९ पासून अठरा वर्षांच्या नागरिकास मत मिळाले. सैन्यात भरतीचे किमान वय मात्र साडेसतरा आहे. देशासाठी मरण्यास सज्ञान, देश कसा चालावा हे सांगण्यास सहा महिने अज्ञान.

तेव्हा मागणी कोणती करावयाची? शिक्षणाच्या हक्काचा कायदा अठरा वर्षांपर्यंत वाढवावा, ही पहिली. आणि तिला जोडूनच, जो किशोर आज प्रत्यक्ष कामावर आहे त्याला प्रौढाचा दर द्यावा, ही दुसरी. स्वस्तपणा संपला की मालकाचे किशोरप्रेमही ओसरते. पहिली मागणी सर्वांना रुचते. दुसरीवर कामगार संघटनांतही कुरकुर होते, कारण मूल कामावर आहे हे मान्य केल्यासारखे वाटते. पण ते कामावर आहेच. महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी कायदा करून हमाल-मापाड्यांना मंडळ, नोंदणी, भविष्यनिर्वाह निधी मिळवून दिला. अण्णासाहेब पाटलांच्या त्या चळवळीचे मोल तुर्भ्याच्या बाजारात उभे राहून सांगावे लागत नाही. परंतु नोंदीत तोळीच्या कडेला जो नोंद नसलेला पोरगा वावरतो त्याच्याकडे संघटनेची नजर गेलेली नाही. १९२६ च्या कामगार संघटना कायद्याने पंधरा वर्षे पूर्ण झालेल्यास सभासद होण्याची मुभा दिली होती. त्या मुभेचा आपण किती उपयोग करून घेतला?

तुर्भ्यापुरते एक काम लगेच हाती घेता येईल. पालिकेच्या आणि अनुदानित शाळांत एप्रिलमध्ये आठवीच्या पटावर किती मुले-मुली होती आणि जूनमध्ये त्यांपैकी किती नववीच्या पटावर आली, हे दोन आकडे शाळाशाळांतून मागवावेत. जी आली नाहीत त्यांच्या घरी दोन-दोन कार्यकर्त्यांनी जावे; त्यांत एक स्त्री असावी, नाहीतर मुलींविषयी खरे उत्तर मिळणार नाही. मूल कोठे आहे, कामावर असेल तर किती तास आणि किती मजुरीवर, लग्न ठरले आहे काय, जन्मदाखला आहे काय, एवढे चार प्रश्न पुरेत. जुलैअखेर ही माहिती हाती आली तर पालिकेच्या अंदाजपत्रकाची चर्चा सुरू होण्यापूर्वी रात्रशाळा आणि माध्यमिक वर्ग कोणत्या वस्तीत हवेत, हे आकड्यांनिशी मांडता येईल.